संथ नाडीची बदनामी आणि बढती

१९११ च्या एप्रिलमध्ये बोस्टन मॅरेथॉन सुटण्याआधी डॉक्टर मंडळी धावपटूंच्या छात्या तपासत होती. क्लॅरेन्स डीमार या बावीस वर्षांच्या तरुणाच्या छातीला नळी लावल्यावर ठोक्यांच्या मध्ये एक सळसळ ऐकू आली. डॉक्टरांनी सल्ला दिला तो असा, की दमलास तर शर्यत मध्येच सोड, आणि ही शेवटचीच समज. डीमार धावला, पहिला आला आणि शर्यतीचा विक्रमही त्याने मोडला. वेळ होती २ तास २१ मिनिटं ३९ सेकंद. (तेव्हाचा रस्ता आजच्या मॅरेथॉनपेक्षा अडीच-तीन किलोमीटरने आखूड होता, हे विक्रमांचे आकडे पाठ असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.)

डीमार पोटापाण्यासाठी छापखान्यात खिळे जुळवायचा. पुढच्या वर्षी तो स्टॉकहोम ऑलिंपिकला गेला, बारावा आला आणि मग बरीच वर्षं बोस्टनच्या शर्यतीपासून बहुतांशी लांबच राहिला. डॉक्टरांचा इशारा डोक्यात होता, शिवाय माणूस धार्मिक पिंडाचा. शर्यतीतली ईर्षा त्याला मनातून खटकायची. १९२२ मध्ये तो परतला आणि पुन्हा जिंकला. मग १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३०. शेवटच्या विजयाच्या वेळी तो एकेचाळीस वर्षांचा होता. बोस्टनची सात विजेतेपदं आजवर दुसऱ्या कुणा पुरुषाला खुल्या गटात मिळालेली नाहीत.

सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना यात हसण्यासारखं काही नाही. मॅरेथॉन ही शर्यतच मुळी विजयाचा निरोप सांगून कोसळलेल्या ग्रीक जासुदाच्या दंतकथेवरून १८९६ साली सुरू झालेली. ‘खेळाडूचं हृदय’ हे त्या काळात आजाराचं नाव होतं. आकाराने वाढलेलं, ठोक्यांत सळसळ असलेलं आणि सावकाश चालणारं हृदय म्हणजे फाजील ताणाने सैलावलेलं हृदय, असं पुस्तकात लिहिलेलं असे. आज तीच सावकाश नाडी मनगटावरच्या घड्याळात दिसली, की लोक तिचा स्क्रीनशॉट काढून धावणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकतात. शंभर-सव्वाशे वर्षांत एका आकड्याची इतकी बढती झाली. ती कशी झाली हे पाहण्यासारखं आहे, आणि ती सगळीच लायकीने मिळाली का, हेही.

नाडी बघणं फार जुनं आहे, ती मोजणं त्या मानाने कालचं. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षा नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ती ठळकपणे येते ती शार्ङ्गधराच्या संहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. तिथे वाताची नाडी साप किंवा जळवेच्या चालीने जाते, पित्ताची बेडूक आणि कावळ्यासारखी उड्या मारते, कफाची हंस-कबुतरासारखी डुलत चालते. चाल आहे, स्वभाव आहे, पण मिनिटाला किती हा प्रश्नच नाही, कारण मिनिट कुणाच्या हातात नव्हतं. चीनमध्ये तिसऱ्या शतकातल्या वांग शूहअ याने वैद्याच्या एका श्वासाला रुग्णाचे ठोके किती, असा हिशोब मांडला. त्याच्याही आधी, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियाच्या हीरोफिलसने पाण्याचं घड्याळ घेऊन ठोके मोजले, असं सांगतात. पण कल्पना तिथेच थांबली आणि पुढची हजार-दीड हजार वर्षं युरोपातले वैद्य गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या वर्णनांवर विसंबून नाडीचे प्रकार घोकत राहिले.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पादुआच्या सान्तोरिओने लंबकाची दोरी कमीजास्त करून तिचा झोका नाडीशी जुळवला. जुळली की दोरीची लांबी लिहून ठेवायची. रुग्णाची प्रकृती म्हणजे अमुक बोटं दोरी! युक्ती झकास होती, पण एका वैद्याची दोरी दुसऱ्याच्या कामाची नाही. खरा बदल केला तो जॉन फ्लॉयर या इंग्लिश डॉक्टरने. लिचफील्ड या गावात वैद्यकी करणाऱ्या फ्लॉयरने बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ खास बनवून घेतलं आणि १७०७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. वय, ऋतू, जेवण, ताप यांनी ठोके किती बदलतात याची त्याने कोष्टकं मांडली. हाच फ्लॉयर गंडमाळेने आजारी असलेल्या एका लहानग्या मुलाला राणीच्या हस्तस्पर्शासाठी लंडनला नेण्याचा सल्ला देणारा. ते मूल पुढे कोशकार सॅम्युएल जॉन्सन झालं. एका हातात सेकंदकाटा आणि दुसऱ्या हातात राणीचा परीस, असा तो काळ होता. फ्लॉयरच्या घड्याळाकडे त्याच्या समकालीनांनी फारसं लक्ष दिलं नाही. नाडी मोजून कागदावर लिहिणं हा दवाखान्यातला रोजचा रिवाज व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

आणि नेमक्या त्याच शतकात इंग्लंडमध्ये खेळाचं वेड पसरलं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातली होड्यांची शर्यत १८२९ मध्ये सुरू झाली. १८४५ पासून ती टेम्स नदीवर पटनी ते मॉर्टलेक अशी पावणेसात किलोमीटरची होऊ लागली. वल्हवणारे आठ तरुण वीसेक मिनिटं जिवाच्या आकांताने ओढत, आणि शेवटी काहीजण वल्ह्यांवरच कोसळत. काठावरून बघणाऱ्याला वाटे, ही पोरं आयुष्य जाळून घेतायत. १८६७ साली लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयातले ज्येष्ठ शल्यचिकित्सक फ्रेडरिक स्की यांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहून ही भीती जाहीरच करून टाकली. ह्या शर्यतीने तरुणांची हृदयं बाद होतात, असा त्यांचा रोख होता. पत्रांचा पाऊस पडला. आया घाबरल्या, माजी वल्हेकरी चिडले. पुरावा मात्र दोन्ही बाजूंकडे नव्हता.

पुरावा गोळा केला तो मँचेस्टरच्या जॉन मॉर्गन यांनी. ते डॉक्टर होते आणि तरुणपणी ऑक्सफर्डला स्वतः वल्हवलेले; म्हणजे तटस्थ नव्हतेच. पण त्यांची पद्धत तटस्थ होती. १८२९ ते १८६९ या चाळीस वर्षांत शर्यतीत उतरलेल्या २९४ जणांची यादी करून त्यांनी प्रत्येकाचा माग काढला. कुणी पाद्री झाला होता, कुणी वसाहतींत गेला होता, कुणी वारला होता. हयात असलेल्यांना पत्रं घातली, गेलेल्यांच्या नातलगांना विचारलं. ११५ जणांच्या बाबतीत उत्तर आलं की वल्हवण्याने फायदाच झाला, १६२ जणांना काही अपाय झाला नव्हता, आणि १७ जणांच्या बाबतीत त्रास झाल्याचं कळलं. विम्याच्या कामी वापरल्या जाणाऱ्या तत्कालीन आयुर्मानाच्या कोष्टकांशी ताडून पाहिलं, तर विशीतल्या इंग्रजाचं उरलेलं आयुष्य सरासरी ४० वर्षं असे, या वल्हेकऱ्यांचं ४२ च्या आसपास निघालं. १८७३ मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने छापून आलं. आजच्या नजरेने त्यात भोकं सापडतात. ही मुलं खात्यापित्या घरची, धडधाकट म्हणून निवडलेली. कोष्टकात मात्र गिरणीतले आणि खाणीतले मजूरही मोजलेले. तरी एका भीतीला उत्तर म्हणून माणसं मोजायला निघालेला हा पहिल्या काही डॉक्टरांपैकी एक, आणि ह्या विषयातलं त्याचं काम अजून वाचण्याजोगं आहे.

स्कींचा पक्ष याने गप्प बसला असं मात्र नाही. हृदय मोठं झालं की ते बिघडलं, ही समजूत रुग्णालयांतून आलेली होती. तिथे मोठी झालेली हृदयं दिसत ती झडपा गळणाऱ्या रुग्णांची. निरोगी माणसाचं हृदय मोठं असू शकतं, हे पाहायचं तर रुग्णालयाबाहेर पडावं लागणार होतं.

१८९९ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचे प्राध्यापक सालोमन हेन्शेन बाहेर पडले. बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्की-शर्यतीत उतरणाऱ्यांना त्यांनी शर्यतीच्या आधी आणि नंतर तपासलं. हत्यार होतं फक्त बोटं. छातीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टकटक करायची, आवाज भरीव कुठे आणि पोकळ कुठे हे ऐकायचं आणि हृदयाची हद्द आखायची. ही कला अठराव्या शतकातल्या आवेनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरची, आणि त्याचा बाप खाणावळवाला. दारूचं पिंप किती भरलंय हे टिचकी मारून ओळखायची घरचीच सवय. हेन्शेन यांना शर्यती मारणाऱ्या स्कीवाल्यांची हृदयं मोठी आढळली, आणि ज्यांची मोठी त्यांची कामगिरी सरस. त्यांचा निष्कर्ष असा की व्यायामाने वाढलेलं हृदय आजारी नसतं, ते जास्त काम करू शकतं. त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डच्या वल्हेकऱ्यांना तपासून यूजीन डार्लिंग यांनीही जवळपास तेच सांगितलं. पुढे तपासणीला क्ष-किरण आले, सोनोग्राफी आली, एमआरआय आला. बोटांनी आखलेल्या हेन्शेन यांच्या रेषा मोठ्या प्रमाणात बरोबर निघाल्या. हेच हेन्शेन १९२३ मध्ये मेंदूविकाराचे जाणकार म्हणून लेनिनच्या आजारपणात मॉस्कोला बोलावले गेले होते. हृदयाचा अभ्यास हा त्यांचा जोडधंदाच म्हणायचा.

मोठं हृदय सावकाश का चालतं, याचा हिशोब तिसरीतल्या गणिताचा आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवावं लागतं. एका ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडत असेल, तर ७० ठोके लागतील. महिनोन्महिने लांब पल्ल्याचं धावणं, पोहणं, सायकल चालवणं झालं की रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, डावा कप्पा ऐसपैस होतो, ठोक्याला १०० मिलिलिटर जाऊ लागतं. मग पन्नास ठोक्यांत काम भागतं. मोटर मोठी झाली की फेरे कमी.

पण फेरे कमी करायला कुणीतरी सांगावं लागतं. ते कोण सांगतं, याचा शोध वेगळ्या वाटांनी चालला होता. १८४५ मध्ये वेबर बंधूंनी दाखवलं की मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूला विजेने चेतवलं, की हृदय मंदावतं, थांबतंही. १९०६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या एका खेड्यात आर्थर कीथ आणि त्यांचा मदतनीस, वैद्यकीचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक, निरनिराळ्या प्राण्यांची हृदयं सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. एक दिवस कीथ पत्नीबरोबर सायकलवर फेरफटका मारायला गेले. परत आले तर फ्लॅकने चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या मोल या प्राण्याच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक चमत्कारिक गाठ शोधून ठेवलेली. ठोक्याचा हुकूम निघतो ती हीच गाठ, सायनस नोड. सगळ्या मज्जातंतूंचा अंमल काढून घेतला, तर तरुण माणसाची ही गाठ मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देते. दुसऱ्याचं हृदय बसवलेल्या रुग्णांत हे स्पष्ट दिसतं. म्हणजे तुमची-आमची सत्तरची नाडीसुद्धा मुळात लगाम लावलेली नाडी आहे. १९२१ मध्ये ऑटो ल्यूवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर प्रयोग करून हा लगाम रसायनामार्फत लागतो, हे सिद्ध केलं. प्रयोग स्वप्नात सुचला, असं ते सांगत. १९३६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मग सगळ्यांनी मान्य केलं, की व्यायामाने व्हेगसचा लगाम घट्ट होतो आणि म्हणून खेळाडूची नाडी संथ. हे उत्तर इतकं नेटकं आणि सुटसुटीत होतं की पुढची कित्येक दशकं ते कुणी फारसं खरवडून पाहिलं नाही.

दरम्यान लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांच्या यंत्रामुळे हृदयाची वीज कागदावर उमटू लागली होती. पहिलं यंत्र पावणेतीनशे किलो वजनाचं आणि चालवायला पाच माणसं. १९२८ पर्यंत ते इतकं सुटसुटीत झालं, की ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये होगरवर्फ या डच संशोधकाने २६० खेळाडूंचे ईसीजी काढले. अनेकांचे ठोके साठच्या बऱ्याच खाली होते, आणि ही माणसं जगातली सगळ्यांत तगडी माणसं होती. रुग्णालयाच्या नियमाने बघायचं तर निम्मं ऑलिंपिक दाखल करून घ्यावं लागलं असतं.

अमेरिकेत हे कोडं सोडवण्यात पॉल डडली व्हाइट यांचा वाटा मोठा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईसीजीचं काम उभं करणारे व्हाइट स्वतः सायकलचे भक्त. १९१८ मध्ये त्यांनी मॅरेथॉन संपल्यानंतरच्या नाडीवर लेख लिहिला, आणि १९४२ मध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंत चाळीसच्याही खाली जाणाऱ्या नाडीवर. भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती काही काळ त्यांच्या हाताखाली शिकल्या. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा व्हाइट यांना बोलावलं गेलं. झटक्यानंतर महिनोन्महिने पडून राहायचं, अशा त्या काळात त्यांनी रुग्णाला हालचाल करू द्यायला आणि कामाला लागू द्यायला सांगितलं, तेही सगळ्या देशाच्या पत्रकारांसमोर. हृदय वापरल्याने झिजत नाही, हे सामान्य अमेरिकनाला पहिल्यांदा पटलं ते बहुधा त्या आठवड्यांत.

डीमारचं पुढे काय झालं, तेही व्हाइट यांच्यामुळेच कळतं. हार्वर्डच्या ‘फटीग लॅबोरेटरी’त, म्हणजे थकव्याच्या प्रयोगशाळेत (ती बिझनेस स्कूलच्या तळघरात १९२७ ते १९४७ चालली), त्याला पट्ट्यावर पळवून तपासण्यात आलं होतं. इतरांचं रक्त ज्या वेगाला आंबून जाई, त्या वेगाला डीमारच्या रक्तात फारसा फरक पडत नसे. पासष्टीतही तो बोस्टनला धावला. १९५८ मध्ये तो कर्करोगाने गेला. शवविच्छेदनाचा अहवाल जेम्स करन्स आणि व्हाइट यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या त्याच्या धमन्या नेहमीच्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद होत्या. ज्या हृदयाला १९११ साली विश्रांती सुचवली गेली, त्याने आणखी ४७ वर्षं काम केलं आणि माणूस मेला तो दुसऱ्याच कारणाने.

याच सुमारापासून नाडीची बढती झपाट्याने झाली. १९५७ मध्ये फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांनी जेमतेम सहा विद्यार्थ्यांना पळवून सरावाचा वेग नाडीवरून ठरवण्याची रीत बसवली. तिच्यात विश्रांतीचे ठोके वजा करावे लागतात, म्हणून प्रत्येक प्रशिक्षकाला तो आकडा हवा झाला. १९६६ मध्ये टेक्ससमधल्या डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर निजवून ठेवलं. उठवल्यावर त्यांचा दमसास पाव हिश्शाहून जास्त घसरला होता आणि विश्रांतीची नाडी चढली होती. मग आठ आठवडे कसून सराव; दमसास परतला, नाडी उतरली. तीस वर्षांनी हेच पाच जण पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. तीन दशकांच्या वाढत्या वयाने जेवढा दमसास घटला नव्हता, तेवढा तेव्हा तीन आठवड्यांच्या निजण्याने घटला होता. आजारपणात ‘पडून राहा’ असं घरोघर सांगणाऱ्यांनी हा प्रयोग वाचायला हवा.

१९७७ मध्ये फिनलंडच्या औलू शहराजवळ प्राध्यापक सेप्पो स्यायन्यायाकंगास यांनी पोलर ही कंपनी काढली. छातीला पट्टा आणि मनगटावर आकडा, मध्ये तार नाही, असं त्यांचं यंत्र १९८२ मध्ये बाजारात आलं. आधी स्कीवाल्यांसाठी, मग सायकलवाल्यांसाठी. नव्वदच्या दशकात स्पेनच्या मिगेल इंदुराइनने सलग पाच टूर दि फ्रान्स जिंकल्या आणि त्याच्या विश्रांतीच्या नाडीचा २८ हा आकडा जगभरच्या वर्तमानपत्रांत फिरला. खेळाडूच्या उंचीसारखा, वजनासारखा नाडीचाही आकडा परिचयात छापला जाऊ लागला. मग मनगटाच्या कातडीवर हिरवा उजेड टाकून रक्ताची ये-जा टिपणारी घड्याळं आली आणि ही मोजणी खेळाडूंपुरती राहिली नाही. आज सातारच्या चढावर हाफ मॅरेथॉनचा सराव करणाऱ्या गृहस्थाला रात्री झोपेत आपलं हृदय कितीपर्यंत उतरलं, हे सकाळी दात घासताना कळतं.

आकडा काहीतरी सांगतो, यात शंका नाही. पॅरिसमधल्या ५,७१३ नोकरदार पुरुषांचा वीस वर्षांहून जास्त काळ मागोवा घेतला गेला. ज्यांची विश्रांतीची नाडी ७५ च्या वर होती, त्यांच्यात झटक्याने अचानक मृत्यू येण्याचं प्रमाण जवळजवळ चौपट होतं. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कोपनहेगनमधला अभ्यास मात्र जास्त विचार करायला लावतो. तिथे सुमारे २,८०० मध्यमवयीन पुरुषांची नाडी आणि प्रत्यक्ष दमसास, दोन्ही मोजलेली होती. सोळा वर्षांनंतर हिशोब केला, तर दमसास सारखा धरूनही जलद नाडीवाल्यांत मृत्यू जास्त. पन्नास किंवा कमी ठोकेवाल्यांच्या तुलनेत नव्वदच्या वरच्यांत तिप्पट. याचा अर्थ उलटाही लागतो. नाडी आणि दमसास एकच असते, तर एक सारखं धरल्यावर दुसऱ्याचा फरक उरलाच नसता. नाडीत दमसासाशिवाय बरंच काही मिसळलेलं असतं.

काय काय मिसळलंय, याची यादी गमतीची आहे. उपजत देणगी हा त्यातला पहिला भाग. डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी १८९२ मध्येच बजावलं होतं, की सरावाने हृदय वाढत असेलही, पण मुळात दमदार हृदय घेऊन जन्मल्याशिवाय कुणी थोर धावपटू होत नाही. कधी न धावलेल्या काही माणसांची नाडी पन्नाशीत असते, आणि मन लावून धावणाऱ्या काहींची पासष्टच्या खाली येतच नाही. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या मुद्दामच नाडी उतरवतात. थायरॉइड मंदावला की नाडीही मंदावते. तिथे संथ ठोके तंदुरुस्ती सांगत नाहीत, आजार सांगतात. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या सात लाखांहून जास्त तरुणांच्या नोंदी २०१५ मध्ये अभ्यासल्या गेल्या. साठ किंवा त्याखालच्या नाडीच्या तरुणांत पुढे हिंसक गुन्ह्यांत शिक्षा होण्याचं प्रमाण सर्वांत जलद नाडीच्या गटापेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त आढळलं. संथ हृदयाला भीती कमी वाटते की उत्तेजना शोधाविशी वाटते, यावर मानसशास्त्रज्ञ अजून भांडतात. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकताना हा अभ्यास कुणी जोडत नाही.

व्हेगसच्या लगामाचं उत्तरही आता तेवढं पक्कं राहिलेलं नाही. मॉर्गन यांच्याच मँचेस्टरमध्ये मार्क बॉयेट यांच्या गटाने उंदरांना सराव दिला आणि मग मज्जातंतूंचा अंमल औषधाने काढून घेतला. तरी सराव केलेल्या उंदरांची नाडी संथच राहिली. कारण सायनस नोडच्या पेशीच बदलल्या होत्या. ठोक्याची चाल ठरवणाऱ्या एका प्रथिनाचं, एचसीएन४ चं, प्रमाण घटलं होतं. २०१४ च्या या शोधनिबंधावर वाद झाला, होतोही आहे. माणसात लगाम किती आणि पेशींतला बदल किती, याचं प्रमाण ठरायचं आहे. पण ही गाठ स्वतःच बदलत असेल, तर म्हातारपणी काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

त्याचं उत्तर बऱ्यापैकी हाती आहे. स्वित्झर्लंडमध्ये एकेकाळच्या ६२ व्यावसायिक सायकलपटूंना म्हातारपणी तपासलं आणि त्यांची तुलना तेवढ्याच गोल्फ खेळणाऱ्यांशी केली. सायनस नोडचा आजार सायकलवाल्यांत १६ टक्के, गोल्फवाल्यांत २ टक्के. स्वीडनच्या सेलेन ते मोरा या ९० किलोमीटरच्या वासालोप्पेत स्की-शर्यतीत १९८९ ते १९९८ मध्ये उतरलेल्या ५२,७५५ जणांच्या नोंदी पाहिल्या, तर जितक्या जास्त शर्यती आणि जितका जास्त वेग, तितकं पुढे ठोक्यांची लय बिघडण्याचं प्रमाण जास्त. हेन्शेन यांच्याच देशात आणि त्यांच्याच खेळात फ्रेडरिक स्की यांच्या भीतीचा एक लहानसा कोपरा खरा ठरला. एकूण आयुष्य मात्र सातत्याने व्यायाम करणाऱ्यांचं कमी होत नाही, ते वाढतंच. त्यामुळे एवढ्यावरून बूट माळ्यावर टाकायचं कारण नाही.

डॉक्टरांच्या व्याख्याही हळूहळू सरकल्या. साठच्या खाली म्हणजे मंद नाडी, हा पाठ्यपुस्तकातला नियम पिढ्यान् पिढ्या चालला. २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ही रेघ पन्नासवर आणली आणि वर हेही सांगितलं, की निव्वळ आकड्यावर उपचार करायचा नाही, त्रास असेल तर करायचा.

म्हणून शेजाऱ्याची ५२ आणि आपली ६६, या तुलनेत काही दम नाही. स्वतःची नाडी स्वतःशीच ताडून पाहावी. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी आणि चहाच्याही आधी, मनगटावर बोटं ठेवून पुरतं एक मिनिट मोजावं आणि वहीत तारीख घालून लिहावं. दोन-तीन महिने नेमाने चालणं किंवा धावणं झालं, तर आकडा बहुधा चार-सहाने उतरलेला दिसेल. एरवीपेक्षा तो सात-आठने चढलेला असेल, तर ताप, अपुरी झोप किंवा सरावाचा अतिरेक यांपैकी काहीतरी असू शकतं. त्या दिवशी धावणं टाळलेलं बरं. आणि नाडी पन्नासच्या खाली असताना भोवळ येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा नेहमीच्या जिन्याला दम लागत असेल, तर घरात कितीही पदकं टांगलेली असोत, ईसीजी काढून घ्यावा.